किबेहोत नेमके किती मेले? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात रवांडाच्या १९९४ च्या नरसंहारावर लेख आला होता, त्यात शेवटी शेवटी एक वाक्य होतं, की नरसंहार थांबल्यावरसुद्धा तिथे आणि शेजारच्या काँगोत हजारो माणसं मारली गेली. बाकीच्या लेखाबद्दल फारसं कोणी काही लिहिलं नाही, पण या एका वाक्यावर पत्रं आणि मेल येतच राहिले, कोणी म्हणतंय हे वाक्य घालायलाच नको होतं, कोणी म्हणतंय एवढा मोठा विषय एका ओळीत का गुंडाळलात. म्हणून या वेळचा कॉलम सगळा त्याच्यावरच. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढून टाकलीत.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीजवळ पाडलं गेलं आणि त्यानंतर साधारण १०० दिवस (हुतू हा तिथला बहुसंख्य समाज, तुत्सी अल्पसंख्य) हुतू कट्टरवाद्यांच्या सरकारनं, सैन्यानं आणि इंटरहाम्वे नावाच्या मिलिशियानं, म्हणजे हत्यारबंद टोळ्यांनी, तुत्सींची आणि आड येणाऱ्या हुतूंची कत्तल केली. संयुक्त राष्ट्रांचा आकडा ८ लाखांच्या आसपास, रवांडा सरकारचा १० लाखांच्या वर. आरपीएफ ही मुख्यतः तुत्सी निर्वासितांची बंडखोर सेना, तिनं ४ जुलैला किगाली घेतलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत नरसंहार थांबवला. थांबवला त्यांनीच, जगातल्या दुसऱ्या कोणी नाही, हे आधीच लिहून ठेवते कारण खाली त्यांच्याबद्दल बरंच वाईट यायचंय.

प्रश्न (पुणे, जर्नालिझमची विद्यार्थिनी): ताई, मी किबेहोवर प्रोजेक्ट करतेय. एका ठिकाणी मृतांचा आकडा ३३८ आहे, दुसरीकडे २०००, तिसरीकडे ४००० च्या वर. यातला खोटा कोणता? आणि एक लेख वाचला की वाटतं सैन्यानं बायकापोरांवर गोळ्या घातल्या, दुसरा वाचला की वाटतं खुन्यांचा अड्डा रिकामा केला. एकाच घटनेबद्दल इतकं वेगळं कसं लिहितात?

आकडा खोटा की खरा हे नंतर, आधी मोजणारा कुठे उभा होता ते बघ. किबेहो हे नैऋत्य रवांडातलं डोंगरावरचं गाव. १९९४ च्या जून ते ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्यानं ज्या पट्ट्यात आपलं ऑपरेशन चालवलं तिथे घरदार सोडून पळालेल्या हुतूंचे कॅम्प पडले, फ्रेंच निघून गेले, कॅम्प राहिले, आणि त्यातला सगळ्यात मोठा किबेहोचा, लाखाच्या आसपास माणूस. आरपीएफच्या नव्या सरकारला हे कॅम्प बंद करायचे होते आणि त्याला कारणही होतं, आत मिलिशियाचे लोक लपलेले होते, त्यांची दहशत होती, घरी परतायला निघालेल्यांना तेच अडवत होते. १८ एप्रिल १९९५ ला सैन्यानं कॅम्पला वेढा घातला, लोकांना एका टेकडीवर कोंबलं, खायला-प्यायला जवळजवळ काही नाही, वर पाऊस, चेंगराचेंगरी, आणि २२ तारखेला सैनिकांनी गर्दीवर गोळीबार केला, पळणाऱ्यांवरही केला. त्याच गोंधळात आतल्या मिलिशियावाल्यांनी कोयत्यानं माणसं कापली तीही वेगळी.

तिथे संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीतले झांबियाचे सैनिक होते आणि ऑस्ट्रेलियन सैन्याची एक छोटी मेडिकल टीम होती, पण मध्ये पडायचा हुकूम त्यांना नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियन सैनिकांनी चालत चालत प्रेतं मोजायला घेतली, ४००० च्या आसपास पोचल्यावर रवांडाच्या सैनिकांनी त्यांना थांबवलं, आणि तेव्हा कॅम्पचा बराच भाग मोजायचा राहिला होता. संयुक्त राष्ट्रांनी नंतर २००० च्या जवळपासचा आकडा धरला. ३३८ हा सरकारचा, म्हणजे जेवढे मृतदेह अधिकृतपणे मोजले तेवढेच. पुढे आंतरराष्ट्रीय चौकशी समिती बसली, तिनंही म्हटलं की नक्की आकडा काढता येत नाही पण तो ३३८ पेक्षा जास्त आहे. तेव्हा ३३८ ला 'एकूण मृत' म्हणून छापणारा एकतर घाईत आहे किंवा सोयीत आहे. आणि '४०००' छापणाऱ्यानंही लिहायला हवं की ही अर्धवट राहिलेली मोजणी आहे, कोणी केली, कोणी थांबवली.

आता दुसरा भाग, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच किबेहोच्या चर्चमध्ये एप्रिल १९९४ मध्ये आसऱ्याला आलेल्या हजारो तुत्सींना मारलं होतं. तेच गाव, तोच महिना, एक वर्ष आधी. आता भावकीच्या भांडणात बघ, प्रत्येक जण गोष्ट वेगळ्या सालापासून सुरू करतो, एकाचा बांध २०१० ला सरकलेला असतो तर दुसऱ्याचा १९८५ ला, आणि दोघंही खरंच सांगत असतात. किबेहोचं तसंच आहे. जो लेख २२ एप्रिल १९९५ च्या सकाळी सुरू होतो त्यात सैनिक म्हणजे नुसते राक्षस, त्यातल्या कित्येकांचं अख्खं घर मारलं गेलंय हे कुठेच येत नाही. जो लेख एप्रिल १९९४ ला सुरू होतो त्यात कॅम्पमधलं पाच वर्षांचं पोरसुद्धा संशयित होऊन जातं. मला विचारशील तर सुरुवात १९९४ पासूनच करावी, पण १९९४ मुळे १९९५ समजतं, माफ होत नाही, एवढं भान लिहिताना ठेवायचं.

आणि प्रोजेक्टसाठी एक काम सांगते, दोन्ही लेखांतली फक्त क्रियापदं खाली लिहून काढ. एकात '१९९४ मध्ये मिलिशियानं कापून काढलं' असेल आणि लगेच खाली '१९९५ मध्ये गोळीबार झाला, परिस्थिती हाताबाहेर गेली, लोक मृत्युमुखी पडले'. मारणारा गायब! दुसऱ्यात बरोबर उलटं, '१९९४ मध्ये वांशिक हिंसाचार उसळला' आणि '१९९५ मध्ये आरपीएफच्या सैनिकांनी निर्दयपणे ठार केलं'. कोणाच्या हातून झालेलं आपोआप होतं आणि कोणाच्या हातून झालेलं केलेलं असतं, यावरून लिहिणारा कुठे बसलाय ते पटकन कळतं.

प्रश्न (कोल्हापूर, निवृत्त शिक्षक): ८ लाख निरपराध मेले. नंतर मारेकऱ्यांपैकी काही हजार मेले तर त्याचा एवढा गाजावाजा कशाला? असं लिहिणं म्हणजे नरसंहार नाकारणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत देणं आहे.

सर, कोलीत दिलं जातं हे खरं आहे, त्यावर येते. पण आधी 'मारेकऱ्यांपैकी' हा शब्द. नंतर जे मेले ते मारेकरी होते हे कोणी ठरवलं, कुठल्या कोर्टानं? कॅम्पमध्ये खुनी होते तसे म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, ज्यांनी कोणावर हात उचलला नाही असेही होते. आणि ७ एप्रिल १९९४ ला सकाळी सगळ्यात आधी ज्यांना मारलं त्यांत पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना होत्या, त्या हुतू होत्या. माणूस हुतू आहे म्हणजे खुनी असणार असं धरून लिहायला लागलो की आपण त्याच माळेतले, ज्यांनी ओळखपत्रावरचा शिक्का बघून नाक्यानाक्यावर माणसं वेगळी काढली. ते शिक्के बेल्जियन लोकांनी १९३० च्या दशकात सुरू केले, नाहीतर भाषा एक, धर्म एक, राहणं त्याच टेकड्यांवर शेजारी शेजारी.

आता नाकारणारे. ते आहेत, संघटित आहेत आणि त्यांचा आवडता युक्तिवाद 'दुहेरी नरसंहार' हा आहे, म्हणजे इकडून झाला तसा तिकडूनही झाला, हिशोब फिटला. हे खोटं आहे आणि ते खोटं का आहे हे नीट सांगता यायला पाहिजे. १९९४ मध्ये सगळं सरकार कामाला लागलं होतं, प्रीफेक्टपासून (प्रांताचा प्रमुख) गावच्या बर्गमास्टरपर्यंत (स्थानिक प्रमुख) माणसं नेमलेली, याद्या तयार, आरटीएलएम या कट्टरवाद्यांच्या रेडिओवरून नावं वाचली जात होती, आणि उद्देश एकच की देशात एकही तुत्सी उरता कामा नये. आरपीएफनं केलेल्या हत्या हजारोंनी आहेत, काही सूडातून झाल्या आणि काही अगदी ठरवून, सभेला म्हणून लोकांना बोलावून, पण त्या त्याच प्रकारच्या नाहीत. हे दोन्ही एकाच पुस्तकात लिहिता येतं. ॲलिसन डे फोर्ज या अमेरिकन इतिहासकार बाईंनी ते करून दाखवलंय, ह्यूमन राइट्स वॉचसाठी १९९९ मध्ये त्यांनी जो जाडजूड रिपोर्ट लिहिला त्यात नरसंहाराची जिल्ह्याजिल्ह्यातली यंत्रणा उलगडली आणि त्यातच आरपीएफच्या हत्यांवरही प्रकरण लिहिलं. एप्रिल १९९४ मध्ये जग झोपलेलं असताना याच बाई ओरडून सांगत होत्या, पुढे टांझानियातल्या आरुशाच्या कोर्टात (संयुक्त राष्ट्रांनी रवांडासाठी नेमलेलं आंतरराष्ट्रीय कोर्ट) नरसंहाराच्या आरोपींविरुद्ध तज्ज्ञ साक्षीदार म्हणून याच उभ्या राहिल्या, आणि २००८ मध्ये रवांडा सरकारनं त्यांनाच देशात यायला बंदी केली. पुढच्या वर्षी विमान अपघातात त्या गेल्या.

माझं म्हणणं असं आहे सर, की कोलीत तेव्हा मिळतं जेव्हा आपण ही गोष्ट लपवतो. मग ती फक्त नाकारणाऱ्यांच्याच तोंडून ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे जर खरं निघालं तर ते बाकीचं बोलतात तेही खरं असेल. व्हिक्टोआर इंगाबिरे या विरोधी पक्षाच्या बाई २०१० मध्ये देशात परतल्या आणि किगालीच्या गिसोझी स्मारकावर उभं राहून म्हणाल्या की मारल्या गेलेल्या हुतूंचीही आठवण ठेवायला हवी. जागा निवडली ती मला आजही खटकते, त्या स्मारकात २ लाखांवर माणसं पुरलेली आहेत. पण पुढे त्यांना सरकारविरुद्ध कट आणि नरसंहार क्षुल्लक ठरवणं अशा आरोपांखाली १५ वर्षांची शिक्षा झाली, आफ्रिकन मानवाधिकार कोर्टानं २०१७ मध्ये त्यांच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग झाला असं म्हटलं, २०१८ मध्ये त्या माफीवर सुटल्या. अशा शिक्षांनी खोटं बोलणारे गप्प बसत नाहीत, बाहेरच्या देशांत बसून बोलतच राहतात. गप्प होतात ते देशातले, खरं बोलू शकणारे.

प्रश्न (बेळगाव): 'गर्सोनी रिपोर्ट' असं वाचलं आणि लगेच पुढे वाचलं की असा रिपोर्ट अस्तित्वातच नाही. हे काय गौडबंगाल आहे?

गौडबंगालच आहे. रॉबर्ट गर्सोनी हा अमेरिकन कन्सल्टंट, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं त्याला १९९४ च्या ऑगस्टमध्ये पाठवलं ते खरं तर निर्वासित लवकर घरी कसे परततील ते बघायला. म्हणजे आरपीएफला अडचणीत आणायचा हेतू नव्हताच, उलट परतणं सुरक्षित आहे असं लिहून मिळावं अशीच सगळ्यांची इच्छा होती. तो आणि त्याची टीम देशाच्या आत आणि बाहेरच्या कॅम्पमध्ये मिळून सुमारे ३०० लोकांशी बोलली, आणि एकमेकांना भेटण्याची शक्यता नसलेले लोक एकाच पद्धतीच्या हत्यांची वर्णनं करायला लागले. त्याचा अंदाज निघाला की एप्रिल ते ऑगस्टमध्ये आरपीएफनं २५ ते ४५ हजार लोक मारले असावेत.

हे वर गेलं आणि दाबलं गेलं. वॉशिंग्टनला नको होतं, न्यूयॉर्कला म्हणजे संयुक्त राष्ट्रांना नको होतं, नवं सरकार कसंबसं उभं राहतंय, त्याला धक्का लागला तर जुने खुनी परत येतील ही भीती होती, आणि ती अगदीच खोटी भीती नव्हती. नंतर कोणी रिपोर्ट मागितला की उत्तर ठरलेलं, असा रिपोर्ट नाही. तांत्रिक पळवाट ही की पूर्ण लिहून सादर केलेला दस्तऐवज नाही, तोंडी माहिती दिली होती. त्याचे सारांशाचे कागद पुढे बऱ्याच वर्षांनी बाहेर आले.

आता हा रिपोर्ट वापरताना दोन टोकं दिसतात. एक टोक म्हणतं रिपोर्टच नाही तर आकडा कुठला, सोडा. दुसरं टोक ४५,००० हा आकडा असा ठोकून देतं जणू प्रत्येक मृतदेह मोजलाय. तो अंदाज होता, काही भागांत फिरून, काही आठवड्यांत काढलेला. तो तसाच, अंदाज म्हणूनच लिहावा. जे साक्षीदार बोलले त्यांचंही तेच, कॅम्पमधला माणूस कॅम्पच्या दादा लोकांसमोर बोलतो, गावातला माणूस नव्या अधिकाऱ्यासमोर बोलतो, दुभाषा कोणाचा आहे हेही बघावं लागतं. गर्सोनीचं काम मला भरवशाचं वाटतं ते त्याला जे ऐकायचं नव्हतं तेच त्यानं लिहून आणलं म्हणून.

प्रश्न (ठाणे): मी तेव्हा कॉलेजात होतो, टीव्हीवर गोमाचे रेफ्युजी कॅम्प दाखवायचे, रस्त्याच्या कडेला प्रेतांच्या रांगा. आम्ही सगळे समजत होतो की हेच नरसंहाराचे बळी. आता कळतंय की तसं नव्हतं?

तसं नव्हतं, आणि तुम्ही एकटे नाही, जगभर लोकांची हीच समजूत झाली. एप्रिल-मेमध्ये तुत्सी मारले जात होते तेव्हा आत कॅमेरे अगदी मोजके होते, आणि जी बातमी यायची तिचा सूर असायचा की आफ्रिकेतल्या टोळ्या पुन्हा एकमेकांवर उठल्यात. जुलैमध्ये हरलेलं सैन्य, मिलिशिया आणि त्यांनी सोबत हाकलत नेलेले लाखो हुतू काही दिवसांत सीमा ओलांडून झाईरमधल्या (आजचं काँगो) गोमात आले, तिथे विमानतळ होता, सॅटेलाइट लावायला जागा होती, सगळे चॅनल तिथे उतरले. खाली लाव्हाचा कातळ, खड्डा खणता येईना, म्हणून प्रेतं रस्त्याच्या कडेला. कॉलरानं पहिल्या महिन्यात ५०,००० च्या आसपास माणसं गेली. ते दुःख खोटं नव्हतंच. पण नरसंहाराचा चेहरा म्हणून जगाच्या डोळ्यांसमोर जो बसला तो या कॅम्पचा, आणि कॅम्प कोणाच्या ताब्यात होते तर ज्यांनी नरसंहार केला त्यांच्या. धान्य तेच वाटायचे, कर तेच गोळा करायचे. मेदसां सां फ्राँतिएर या डॉक्टरांच्या मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेनं नोव्हेंबर १९९४ मध्ये याच कारणासाठी तिथून काम गुंडाळलं, की आमची मदत खुन्यांना पोसतेय.

पुढचं फार कमी दाखवलं गेलं म्हणून सांगते. १९९६ च्या शेवटी रवांडाचं सैन्य आणि लॉरां कबिलाची बंडखोर आघाडी यांनी हे कॅम्प फोडले. ५ लाखांहून जास्त लोक रस्त्यानं चालत रवांडात परतले, त्याचे फोटो सगळीकडे छापून आले, आणि कॅनडाच्या पुढाकारानं जी आंतरराष्ट्रीय फौज जाणार होती ती आता गरजच नाही म्हणून बारगळली. पण सगळे परतले नव्हते! लाखो लोक पश्चिमेकडे जंगलात गेले होते, त्यात हत्यारबंद होते आणि भुकेली पोरंही होती. किती गेले यावर तेव्हा देशादेशांत वाद, कारण जेवढे कमी मानले तेवढी जबाबदारी कमी. टिंगी-टिंगीसारख्या ठिकाणी त्यांचे नवे कॅम्प पडले, पाठलाग करून तिथेही मारले गेले.

याचा एकत्रित हिशोब यायला २०१० उजाडलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा मॅपिंग रिपोर्ट, १९९३ ते २००३ मधल्या काँगोतल्या ६१७ घटना, साडेपाचशे पानं, १२०० च्या वर साक्षीदार. ऑगस्टमध्ये त्याचा मसुदा फ्रेंच पेपरनं फोडला, त्यात होतं की हुतू निर्वासितांवरचे काही हल्ले कोर्टात सिद्ध झाले तर नरसंहार ठरू शकतील. रवांडानं धमकी दिली की सुदानमधले आमचे शांतिसैनिक काढून घेऊ. १ ऑक्टोबरला जो अधिकृत रिपोर्ट आला त्यात ते वाक्य राहिलं पण आजूबाजूला 'जर', 'कदाचित', 'सक्षम न्यायालयानं ठरवल्यास' यांची गर्दी वाढली. अर्थात त्याच रिपोर्टमध्ये हेही लिहिलंय की लाखो हुतूंना रवांडात परत येऊ दिलं, म्हणजे सगळ्यांना संपवायचाच हेतू होता असं म्हणायला हे आड येतं. हा भाग एका बाजूचे लोक कधीच सांगत नाहीत, आणि दुसऱ्या बाजूचे रिपोर्टचंच नाव काढत नाहीत.

प्रश्न (नांदेड): हे वाचताना आमच्याकडच्या पोलीस ॲक्शनची आठवण झाली. तुलना करावी का?

सरळ तुलना करू नये, निजामाच्या राज्यात रवांडासारखा नरसंहार झाला नव्हता. पण लिहिण्याच्या पद्धतीत जे साम्य तुम्हाला दिसतंय ते खरं आहे. रझाकारांचे अत्याचार आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात आहेत, १७ सप्टेंबरच्या भाषणात आहेत, असायलाच हवेत. सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांवर जे झालं ते पाहायला पंडित सुंदरलाल समितीला पाठवलं होतं, तिनं कमीत कमी २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला, सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि तो रिपोर्ट सामान्य अभ्यासकांना बघायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. इथेही तेच, एकाची गोष्ट रझाकारांपासून सुरू होते आणि १७ सप्टेंबरला संपते, दुसऱ्याची १७ सप्टेंबरला सुरू होते. तुमच्या भागात नव्वदीतली माणसं अजून असतील, आणि ती दोन्ही सांगतात असा माझा अनुभव आहे, फक्त घरात सांगतात, माइकवर नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): पत्रकार, एनजीओ, सरकार सगळेच बायस्ड असतील तर मग कोर्टाच्या निकालांवरच भरवसा ठेवावा ना? पुरावा तपासलेला असतो.

तपासलेला असतो, म्हणून नरसंहार झाला का, कसा झाला यासाठी आरुशाचं कोर्ट सोन्यासारखं आहे. १९९८ मध्ये अकायेसू या बर्गमास्टरला शिक्षा झाली, नरसंहारासाठी आंतरराष्ट्रीय कोर्टानं दिलेली ती पहिली शिक्षा. माजी पंतप्रधान कांबांडानं तर गुन्हा कबूलच केला. पण जो खटला उभाच राहिला नाही त्याबद्दल निकालात काही नसणार. या कोर्टाला १९९४ सालातल्या दोन्ही बाजूंच्या गुन्ह्यांचा अधिकार होता, ९३ जणांवर आरोप ठेवले गेले, आरपीएफचा एकही नाही. सरकारी वकील कार्ला डेल पोंते यांनी तो तपास सुरू केला आणि २००३ मध्ये रवांडाचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. त्या म्हणतात तपासामुळेच काढलं, संयुक्त राष्ट्रं म्हणतात युगोस्लाव्हियाचं आणि हे अशी दोन कामं एकाला झेपत नव्हती. मला डेल पोंतेंचं जास्त पटतं.

जून १९९४ मध्ये आरपीएफच्या सैनिकांनी किगालीच्या आर्चबिशपसह अनेक धर्मगुरूंना मारलं होतं, ते प्रकरण शेवटी रवांडाच्याच कोर्टाकडे सोपवलं, २००८ मध्ये दोघांना शिक्षा, दोन मोठ्या हुद्द्याचे निर्दोष. गावोगावच्या गचाचा कोर्टांनी २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली काढली, त्यातून कोणाला कुठे पुरलंय ते घरच्यांना कळलं, हे फार मोठं काम झालं, पण आरपीएफच्या हत्या तिथे काढायला परवानगी नव्हती. पन्नास वर्षांनी कोणी फक्त निकालपत्रं वाचून इतिहास लिहिला तर त्याला वाटेल की जुलै १९९४ नंतर कोणी कोणाला हातच लावला नाही.

प्रश्न (सातारा): नंतरची हिंसा म्हटलं की फक्त आरपीएफ का? हरलेले लोक गप्प बसले होते का?

अजिबात नाही, आणि हा आक्षेप बरोबर आहे. १९९७-९८ मध्ये वायव्य रवांडात जुन्या सैन्याचे आणि मिलिशियाचे लोक घुसून हल्ले करत होते, नरसंहारातून वाचलेल्यांना, साक्षीदारांना शोधून मारत होते. मार्च १९९७ मध्ये पश्चिमेकडच्या न्यांगेच्या शाळेत शिरून मुलांना सांगितलं हुतू एका बाजूला, तुत्सी एका बाजूला व्हा. मुलं हलली नाहीत, मग सगळ्यांवरच गोळ्या. मुदेंदेच्या कॅम्पमध्ये काँगोतून पळून आलेले तुत्सी होते, त्यांच्यावर १९९७ मध्येच दोनदा हल्ला झाला, शेकडो मेले. आणि याच घुसखोरांना हुसकावताना रवांडाच्या सैन्यानं त्या भागातल्या साध्या हुतू गावकऱ्यांना मारलं, तेही खूप. सरकारी बाजूचे लेख पहिला भाग सांगतात, परदेशात गेलेल्यांचे लेख दुसरा. न्यांगेची मुलं मात्र दोघांच्याही कामाची नसल्यासारखी वागवली जातात असं मी म्हणणार होते, पण रवांडात त्यांना राष्ट्रीय वीर म्हणून मान दिलाय, तेव्हा ते म्हणत नाही.

जागा संपली. बुरुंडीत १९७२ मध्ये तुत्सी वर्चस्वाच्या सैन्यानं शिकलेल्या हुतूंना वेचून मारलं त्याबद्दल विचारणारी पत्रं आहेत, सांगली आणि इंदूरहून, ती पुढच्या अंकात घेते.